इंग्रजांवर कोणी राज्य केलं होतं?



आठवीला इंग्रजी सत्तेचा धडा सुरू झाला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. "सर, यांच्यावर कधी कोणी राज्य केलं नाही का?" प्रश्नात थोडी खोडी असते, थोडा रागही असतो. बहुतेक वेळा आपण हसून पुढे जातो, कारण घटक चाचणी जवळ आलेली असते. पण या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते चांगलं घसघशीत आहे.

इ. स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या सैन्याने ब्रिटन बेटावर चढाई केली. इ. स. ४१० च्या सुमारास रोमची सत्ता तिथून उठली. म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षं आजचं इंग्लंड आणि वेल्स हा रोमन साम्राज्याचा एक प्रांत होता. आपल्याकडे १८१८ ला पेशवाई बुडाली तेव्हापासून १९४७ पर्यंत मोजा, १२९ वर्षं होतात. त्याच्या जवळपास तिप्पट काळ हे लोक दुसऱ्याचे प्रजाजन होते.

मुलांना हे सांगितलं की वर्गात खूश होऊन टाळ्या पडतात. पडू द्याव्यात. पण मला खरी गंमत पुढे वाटते. एकेकाळी जिंकला गेलेला हा देश पुढे जगभर जिंकत सुटला, तेव्हा त्याने स्वतःचा प्राचीन भूतकाळ स्वतःला कसा सांगितला? आपले पूर्वज म्हणून कोणाला निवडलं आणि कोणाला वगळलं? आणि जमीन खणल्यावर, हाडं तपासल्यावर काय निघालं? इतिहास म्हणजे सनावळ्या नव्हेत, हे मुलांना पटवण्यासाठी इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. आपला भारताचा इतिहास शिकवताना भावना लगेच उसळतात. दुसऱ्याच्या घरातला प्रश्न मात्र मुलं थंड डोक्याने बघतात.

आधी रोमनांचंच पाहू. टॅसिटस नावाचा रोमन इतिहासकार होता. त्याचा सासरा अ‍ॅग्रिकोला हा ब्रिटनचा गव्हर्नर. सासऱ्याचं चरित्र लिहिताना टॅसिटस सांगतो की अ‍ॅग्रिकोलाने स्थानिक सरदारांच्या मुलांना रोमन शिक्षण द्यायची सोय केली. मग त्या मुलांना लॅटिन भाषेची गोडी लागली, अंगावर रोमन पोशाख आला, स्नानगृहं आली, मेजवान्या आल्या. आणि पुढे तो जे म्हणतो त्याचा आशय असा, की ते भोळे लोक याला सुसंस्कृतपणा समजत होते, प्रत्यक्षात तो त्यांच्या गुलामगिरीचाच भाग होता. लक्षात घ्या, हे लिहिणारा जिंकणाऱ्यांपैकी आहे!

आता १८३५ चा मेकॉलेचा खलिता आठवा. रक्ताने आणि रंगाने भारतीय, पण आवडीनिवडीने आणि विचाराने इंग्रज असा वर्ग तयार करायचा, हे त्याचं म्हणणं आपण सगळ्यांनी डी. एड., बी. एड. ला घोकलेलं आहे. त्याच खलित्यात मेकॉलेचा आणखी एक युक्तिवाद आहे, जो सहसा आपल्या नोट्समध्ये येत नाही. ग्रीक आणि लॅटिनमुळे जसं इंग्लंड शहाणं झालं, तसं इंग्रजीमुळे हिंदुस्थान होईल, असं तो म्हणतो. म्हणजे आपले लोक एकदा शिष्य होते याची त्याला पूर्ण जाणीव होती. फक्त त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष टॅसिटसच्या अगदी उलट होता. दोन्ही मुद्दे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मुलांना बोलू द्या. माझ्या वर्गात यावर अख्खा तास गेला होता आणि तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही.

यानंतर बूडिका. ही राणी आपल्या मुलांना पटकन भिडते, त्यामुळे तिच्यावर थोडा वेळ द्यावा.

पूर्व इंग्लंडमध्ये आइसेनी नावाची जमात होती. तिचा राजा प्रासुटागस रोमनांचा मांडलिक. मरताना त्याने सम्राट नीरो आणि आपल्या दोन मुली यांना मिळून वारस करणारं मृत्युपत्र केलं. निदान काही तरी वाचेल, हा हिशेब. रोमन अधिकाऱ्यांनी मृत्युपत्र धाब्यावर बसवलं, सगळं राज्य घेतलं, विधवा राणीला फटके मारले आणि मुलींवर अत्याचार केले. इ. स. ६०-६१ मध्ये बूडिकाने बंड पुकारलं. आजची कोलचेस्टर, लंडन आणि सेंट अल्बन्स ही तीन ठिकाणं जाळली. लंडनमध्ये खोल पाया खणताना जळक्या मातीचा लालसर थर आजही लागतो, तो त्या आगीचा. शेवटी ती हरली.

वारस नामंजूर, राज्य खालसा, विधवा राणीचं बंड. झाशीची आठवण आल्याशिवाय राहत नाही ना? गंगाधररावांचा मृत्यू १८५३ चा, दत्तक नामंजूर होऊन झाशी खालसा झाली १८५४ ला आणि राणी लक्ष्मीबाई लढता लढता गेल्या जून १८५८ मध्ये. आता पुढची तारीख पाहा. लंडनला वेस्टमिन्स्टर पुलाजवळ, पार्लमेंटच्या अगदी समोर, बूडिकाचा रथावरचा भव्य पुतळा आहे. थॉमस थॉर्निक्रॉफ्ट या शिल्पकाराने त्याचं काम सुरू केलं १८५६ च्या सुमारास. घोड्यांच्या नमुन्यासाठी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी स्वतःचे घोडे दिले. म्हणजे इकडे एका राणीला बंडखोर ठरवून तिच्यावर फौजा धाडल्या जात होत्या, आणि तिकडे त्याच सरकारच्या राजधानीत दीड हजार वर्षांहून जुन्या बंडखोर राणीचा पुतळा घडत होता, तोही कौतुकाने.

हा विरोधाभास त्यांना खुपला कसा नाही? मला वाटतं, त्यांनी बूडिकाची गोष्ट वळवून घेतली. तिच्या नावाचा मूळ अर्थ 'विजय' असा, म्हणजे ती जणू पहिली व्हिक्टोरियाच. पुतळ्याच्या चौथऱ्यावर विल्यम कूपर या कवीच्या ओळी आहेत. बूडिकाचे वंशज रोमला माहीतही नव्हते अशा मुलखांवर राज्य करतील, असा त्यांचा भाव. साम्राज्याविरुद्ध लढलेली बाई अशी साम्राज्याची आजी झाली. पुतळा जागेवर बसला १९०२ मध्ये, साम्राज्य ऐन भरात असताना. आणि जे शहर तिने जाळलं, त्याच शहरात तो उभा आहे! (तिच्या रथाच्या चाकांना पाती दाखवली आहेत, त्याला कसलाही पुरावा नाही, पण मुलांना तीच आवडतात.)

ब्रिटानियाचंही तसंच आहे. हातात भाला आणि ढाल घेतलेली ही स्त्री म्हणजे त्यांच्या देशाचं प्रतीक, आपल्या भारतमातेसारखं. ब्रिटनच्या नाण्यांवर ती १६७२ पासून दिसते. पण ती आली कुठून? सम्राट हेड्रियनच्या रोमन नाण्यांवरून. जिंकलेला प्रांत म्हणून रोमनांनी जी मूर्ती नाण्यावर कोरली, तीच दीड हजार वर्षांनी त्या देशाने अभिमानाचं चिन्ह म्हणून उचलली. जेत्याने दिलेलं नाव आणि रूप आपलंसं करणं हे काही एकट्या आपल्याकडेच घडतं असं नाही.

रोमन गेल्यानंतर उत्तर समुद्रापलीकडून, आजच्या जर्मनी-डेन्मार्कच्या बाजूने, अँगल आणि सॅक्सन लोक आले. अँगल लोकांवरून इंग्लंड हे नाव पडलं. त्यांनी तिथल्या आधीच्या लोकांना जो शब्द लावला त्याचा अर्थ 'परका', त्यावरूनच वेल्श हा शब्द आला. बाहेरून आलेले लोक घरच्यांना परके म्हणू लागले. वेल्श लोक स्वतःला 'कम्री' म्हणतात, म्हणजे साधारण 'आपल्या देशातले लोक'.

किंग आर्थरची गोष्ट तुमच्या मुलांनी कार्टूनमध्ये तरी पाहिलेली असेल. दगडातली तलवार, गोल मेज, जादूगार मर्लिन. आर्थर खरोखर होऊन गेला याचा पक्का पुरावा नाही. पण गोष्टीत तो कोणाशी लढतो? सॅक्सनांशी! म्हणजे इंग्रज ज्याला आपला आदर्श राजा मानतात, तो मूळ कथेत इंग्रजांच्याच पूर्वजांना हाकलून लावणारा वेल्श बाजूचा वीर आहे. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथ नावाच्या पाद्र्याने ब्रिटनच्या राजांचा इतिहास लिहिला आणि आर्थरला जगप्रसिद्ध केलं. त्याच पुस्तकात त्याने ब्रिटनचं नाव ट्रॉयहून आलेल्या ब्रूटस नावाच्या वीरावरून पडल्याचं ठोकून दिलं. रोमनांनी स्वतःचं मूळ ट्रॉयशी जोडलं होतं, मग आपण मागे का? पुढे सातव्या हेन्रीने लढाई जिंकून गादी मिळवली. त्याचा हक्क तसा कच्चाच होता. त्याने पहिल्या मुलाचं नाव आर्थर ठेवलं. गादी डळमळीत असली की पूर्वज जरा जास्त जुने लागतात.

आता त्याही मागे जाऊ. स्टोनहेंजचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. उभ्या शिळांवर आडव्या शिळा, हिरव्या माळावर. तिथलं बांधकाम इ. स. पू. ३००० च्या आसपास सुरू झालं आणि मोठ्या शिळा उभ्या राहिल्या त्या साधारण इ. स. पू. २५०० मध्ये, म्हणजे आपल्याकडे हडप्पा आणि मोहेंजोदडो भरभराटीला होते तेव्हा. मुलांच्या कालपट्टीवर हे दोन्ही एकाखाली एक लावून बघा, त्यांना नवल वाटतं.

हे कोणी बांधलं? जेफ्रीच्या मते मर्लिनने आयर्लंडहून दगड आणले. अठराव्या शतकात विल्यम स्टकली याने ते ड्रुइडांचं मंदिर ठरवलं. ड्रुइड म्हणजे रोमन येण्याच्या काळातले तिथले पुरोहित. खरं तर स्टोनहेंज त्यांच्याही आधी दोन हजार वर्षं उभं होतं. पण ब्रिटनला स्वतःचे प्राचीन ऋषी हवे होते, ते मिळाले. १९१५ मध्ये या जागेचा चक्क लिलाव झाला आणि सेसिल चब नावाच्या गृहस्थाने ती ६,६०० पौंडांना घेतली. तीन वर्षांनी त्याने ती देशाला दान केली. राष्ट्राचं मानचिन्ह तोवर खाजगी शेतजमिनीसारखं विकलं जात होतं!

शिळांनी सांगितलेली गोष्ट मात्र वेगळी निघाली. तिथल्या लहान निळसर शिळा वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांतल्या, सव्वादोनशे किलोमीटरहून लांबच्या. २०२४ मध्ये कळलं की मधली 'वेदीशिळा' थेट स्कॉटलंडच्या ईशान्य भागातली आहे, साडेसातशे किलोमीटरच्या आसपास अंतर. इंग्लंडचं सर्वांत मोठं प्राचीन चिन्ह वेल्स आणि स्कॉटलंडच्या दगडांशिवाय उभंच राहिलं नसतं.

आणि माणसं? ती शेती करणारी जमात होती. त्यांचे पूर्वज हजारो वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानच्या बाजूने युरोपभर पसरत पसरत ब्रिटनला पोचले होते. मोठ्या शिळा उभ्या राहिल्यावर थोड्याच काळात युरोपातून आणखी एक लोकसमूह आला. त्यांच्या थडग्यांत घंटेच्या आकाराची मातीची भांडी सापडतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासानुसार पुढच्या काही शतकांत ब्रिटनमधला सुमारे ९० टक्के आनुवंशिक वारसा या नव्या लोकांचा झाला. ते कसं घडलं, लढाईने, रोगराईने की हळूहळू मिसळून, यावर वाद आहेत. पण अर्थ सरळ आहे. स्टोनहेंज पाहून 'हे आमच्या पूर्वजांनी बांधलं' म्हणणाऱ्या आजच्या ब्रिटिश माणसाच्या अंगात त्या बांधणाऱ्यांचा अंश अगदी थोडा आहे.

त्याच वर्षी आणखी एक बातमी गाजली. सॉमरसेटमधल्या चेडर गावाजवळच्या गुहेत १९०३ मध्ये एक सांगाडा सापडला होता, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा. त्याला 'चेडर मॅन' म्हणतात. ब्रिटनमधला जवळजवळ पूर्ण मिळालेला तो सर्वांत जुना मानवी सांगाडा. डीएनएवरून अंदाज निघाला की त्याची त्वचा गडद आणि डोळे निळसर असावेत. त्वचेचा रंग हा अंदाज आहे, फोटो नव्हे, हेही मुलांना सांगायला हवं. पण त्याचा तयार केलेला चेहरा वर्तमानपत्रांत छापून आला आणि तिथे मोठी खळबळ उडाली. काही लोक चक्क चिडले. काहींनी उलट टोक गाठलं, म्हणे बघा, आम्हीच मूळचे. दोघांचीही समजूत एकच, की दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा रंग आज इथे कोणी राहायचं ते ठरवतो. मला हे अजब वाटतं.

खरं हवं ते ऐकायची घाई किती महागात पडते, त्यासाठी पिल्टडाउन शिकवावं. विज्ञानाच्या शिक्षकांनीही हे उदाहरण जरूर घ्यावं. १८५६ मध्ये जर्मनीत निअँडरथल सापडला, पुढे फ्रान्समध्ये क्रो-मॅन्यॉन सापडला. इंग्लंडकडे असं काही नव्हतं आणि ते मनाला लागत होतं. १९१२ मध्ये चार्ल्स डॉसन नावाच्या हौशी संशोधकाने ससेक्समधल्या पिल्टडाउन गावी एका कवटीचे तुकडे मिळाल्याचं जाहीर केलं. मोठा मेंदू, वानरासारखा जबडा. झालं! पहिला माणूस इंग्रजच! पुढे तिथेच हत्तीच्या हाडाचं एक 'अवजार' निघालं, दिसायला थेट क्रिकेटच्या बॅटसारखं. तरीही फारसं कोणी हसलं नाही. १९५३ मध्ये तपासणी झाली तेव्हा कळलं, कवटी माणसाची, जबडा ओरँगउटानचा, दात कानशीने घासलेले आणि हाडं जुनी दिसावीत म्हणून रंगवलेली. एकेचाळीस वर्षं ती थाप अभ्यासकांमध्ये वावरली. दरम्यान १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टाँग इथे सापडलेल्या लहान मुलाच्या खऱ्या कवटीकडे ब्रिटनच्या मान्यवरांनी बराच काळ नीट पाहिलंही नाही, कारण मानवाचा आरंभ आफ्रिकेत असेल हे त्यांच्या चौकटीत बसत नव्हतं. खोट्या अभिमानाने खरा शोध असा मागे ढकलला.

आपण मराठीत सरसकट 'इंग्रज' म्हणतो, त्याबद्दलही दोन शब्द. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. पण इंग्रज म्हणजे इंग्लंडचे, आणि ब्रिटिश म्हणजे इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड मिळून. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची संसद एक झाली ती १७०७ मध्ये, औरंगजेब वारला त्याच वर्षी. म्हणजे 'ब्रिटिश' ही राजकीय ओळख तशी अलीकडची. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, जॉन माल्कम, हे तिघेही स्कॉटिश. साताऱ्याच्या गादीवर देखरेख करणारा ग्रँट डफ मुळात अशा देशातला होता, ज्याची स्वतःची संसद त्याच्या पणजोबांच्या काळात बंद झाली होती. त्याने मराठ्यांचं राज्य बुडताना पाहिलं, तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल, असा विचार मी बऱ्याचदा करतो.

हे सगळं वर्गात आणायचं कशासाठी? आपल्या वर्गातही ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांची मुलं असतात, दुसऱ्या राज्यातून आलेल्या गवंड्याची मुलगी असते. "तू मूळची कुठली?" हा प्रश्न तिला महिन्यातून चारदा ऐकावा लागतो. तिकडे लंडनमध्ये मराठी घरातली मुलंही असाच प्रश्न ऐकतात. २०१४ पासून इंग्लंडच्या प्राथमिक अभ्यासक्रमात अश्मयुग ते लोहयुग हा भाग आहे, त्यामुळे आडनावाने कुलकर्णी किंवा शिंदे असलेली पोरं तिथे स्टोनहेंजची मातीची प्रतिकृती करून आणतात. त्यांचा त्या शिळांवर हक्क किती? माझं मत विचाराल तर वर्गातल्या शेजारच्या मुलाइतकाच. रक्ताने कोणाचाच फारसा नाही. जपण्याची जबाबदारी मात्र सगळ्यांची.

पालकांना घरी काही दाखवायचं असेल तर मी दोन गोष्टी सुचवेन, दोन्हींची चित्रं इंटरनेटवर सहज मिळतात. पहिली, व्हिंडोलँडा या रोमन छावणीत १९७३ पासून सापडत गेलेल्या पातळ लाकडी पट्ट्या. त्यांवर शाईने पत्रं लिहिलेली आहेत. एकीत एका अधिकाऱ्याची बायको मैत्रिणीला वाढदिवसाला ये म्हणून बोलावते आहे, इ. स. १०० च्या सुमारास. दुसऱ्या पट्टीत स्थानिक लोकांसाठी 'य:कश्चित ब्रिटन' अशा अर्थाचा हिणवणारा शब्द आहे. 'नेटिव्ह' हा शब्द कोणत्या सुरात उच्चारला जायचा हे ज्यांनी आजोबांकडून ऐकलंय, त्यांना तो सूर लगेच ओळखू येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे साउथ शील्ड्स इथला एक थडग्याचा दगड, हेड्रियनच्या भिंतीच्या पूर्व टोकाजवळचा. रेजिना नावाची तीस वर्षांची स्त्री त्यावर कोरली आहे. खुर्चीत बसलेली, शेजारी लोकरीच्या गुंड्यांची टोपली. ती दक्षिण इंग्लंडमधल्या कॅटुव्हेलॉनी जमातीची, आधी गुलाम होती. तिला मुक्त करून तिच्याशी लग्न करणारा बाराटेस होता सीरियातल्या पाल्मायराचा. दगडावरचा लॅटिन मजकूर व्याकरणात अडखळतो. पण त्याच्याखाली पाल्मायराच्या लिपीत एक ओळ आहे आणि तिची अक्षरं सुबक, न चुकता कोरलेली आहेत. बाराटेसची मुक्त केलेली रेजिना, असं त्यात म्हटलंय, आणि शेवटी एकच शब्द आहे: अरेरे.